येण्याच्या खुणा

माझा दादा चालताना दर थोड्या वेळाने थांबतो आणि मागे वळून बघतो. जंगलातच असं नाही, बाजारात, दवाखान्याच्या जिन्यावरसुद्धा. नवीन माणसाला वाटतं, ह्याच्या मागे कुणीतरी लागलंय. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने मला हळूच विचारलं होतं, "तुझ्या भावाने कुणाचं काही चोरलंय का गं?" मी म्हटलं, चोरतोय कसला, त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. त्याचं कामच तसं आहे.

दादा जंगलातल्या पायवाटा राखतो. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगर आहे, डोंगरभर जंगल आहे, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं पाठीवर पिशव्या लावून तिथे चालायला येतात. घरी लिफ्टने जातात आणि इथे येऊन धापा टाकतात, हौसेला मोल नाही म्हणतात ते असं. त्यांना वाट सापडावी म्हणून झाडांच्या खोडांवर पिवळा पट्टा मारायचा, तळहाताएवढा, डोळ्यांच्या उंचीला. ती खूण. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. पडलेली झाडं कापून बाजूला करायची, ओढ्यावरच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, पाण्याने वाट वाहून जाऊ नये म्हणून आडवे दगड बसवायचे, हेही त्याच्याकडेच. लोक त्याला रंगारीकाका म्हणतात. माझं दुकान तिथेच, जंगलाच्या फाटकाला लागून. चहा, बिस्किटं, भाड्याच्या काठ्या, पायाच्या फोडांना लावायच्या चिकटपट्ट्या, आणि फुकटचे सल्ले. दादा मला लहानपणापासून टकळी म्हणतो ते उगाच नाही.

तर मागे वळून बघण्याचं सांगत होते. वाट जाताना एक असते आणि येताना दुसरीच असते. चढताना जो वाकडा बुंधा तुम्ही ध्यानात ठेवता, तो उतरताना पलीकडून सरळ दिसतो. जो खडक डावीकडे होता तो उजवीकडे येतो हे तर कळतंच, पण त्याचा आकारही बदलतो, मघाशी म्हशीच्या पाठीसारखा होता तो आता नुसती भिंत. म्हणून खुणा दोन तऱ्हेच्या असतात, जाण्याच्या आणि येण्याच्या. जाण्याच्या खुणा चढता चढता मारायच्या, आणि येण्याच्या खुणा खरोखर परत येतानाच मारायच्या. एकाच खोडाला पुढून-मागून फासून मोकळं होता येत नाही, कारण परतणाऱ्याच्या नजरेत ते झाड येईलच असं नाही. काम दुप्पट. आणि अर्धं काम झालेली वाट उघडी ठेवायची नाही, तोंडाशी दोरी बांधून पाटी लावायची, हा ह्या धंद्यातला पहिला नियम. दादाने तो आयुष्यात एकदाच मोडला.

त्याचं काम बघत बसायला मला फार आवडायचं. बोथट पात्याने खोडावरचं शेवाळ असं हलकेच काढायचा, जणू बाळाच्या डोक्यावरची खपली. साल दुखवायची नाही. दगडफुलाचे राखाडी चट्टे असले तर ते झाड सोडून दुसरं शोधायचा, म्हणायचा, एवढंसं वाढायला त्याला माझ्या वयाएवढी वर्षं लागलीत. सुतारपक्षी ठोकायला लागला की ब्रश थांबवून ऐकायचा. पाऊस पडून गेला की कुजक्या ओंडक्यांवर अळंबी यायची, नेच्यांची गुंडाळी उलगडायची, आणि सगळ्या जंगलाला ओल्या पोत्यासारखा वास यायचा. मला तो वास सहन होत नाही आता. पण तेव्हा मी आणि वहिनी मुद्दाम तो हुंगायला जात असू.

वहिनी आधी माझी मैत्रीण होती, मग वहिनी झाली. दादाचं लग्न मीच जमवलं म्हणा ना. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एकीला हसू आलं की दुसरीला शिक्षा व्हायची. तिचं हसणं मोठं होतं. दादा म्हणायचा, "अगं हळू हस, घुबडं जागी होतील." तिला अळंबी गोळा करण्याचा नाद होता. कुठली खायची आणि कुठली खाऊ नये हे तिला बरोबर कळायचं, आणि मला अजिबात कळायचं नाही, त्यामुळे मी नुसती टोपली धरायची. दादा अबोल, मी बडबडी, आणि ती आम्हा दोघांची मध्यस्थ. ती असताना दादाही बोलायचा.

त्या वर्षी माझ्या दुकानाच्या मागच्या कुंपणापासून एक नवी वाट काढायचं चाललं होतं. वरच्या कड्यापर्यंत न्यायची होती. दादाने दिवसभर खपून जाण्याच्या खुणा कड्यापर्यंत मारल्या, आणि वर पोचतो न पोचतो तोच धुकं उतरलं. धुक्यात येण्याच्या खुणा मारता येत नाहीत, पुढचं झाडच दिसत नाही. तो जुन्या वाटेने खाली आला. म्हणाला, उद्या करतो. दोरी बांधायची राहिली. मधल्या वारी कोण येतंय मरायला, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला रंगाचे डबे आणायला गोदामावर बोलावलं. धुकं तसंच होतं. वहिनी आपल्या पोरीला घेऊन दुकानात आली, पोर तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. गारठा होता म्हणून मी माझा विटकरी स्वेटर वहिनीच्या अंगावर टाकला. कुंपणापलीकडचा ताजा पिवळा पट्टा बघून ती म्हणाली, "अगं बाई, इथून काढली होय? हिला बघ जरा, कुठपर्यंत नेलीय ते बघून आलेच." गेली. मी तिला शेवटचं पाठमोरं बघितलं. लोक विचारतात काही वाटलं होतं का तेव्हा. काय वाटणार? पोरीने बिस्किटं चहात बुडवून सगळा ओटा चिकट केला होता, मी तो पुसत होते.

ती कुठपर्यंत गेली ते आम्हाला कळलं, कारण धुक्यात रंग वाळला नव्हता. नवऱ्याचं काम कसं झालंय ते बघायला तिने खुणांना अंगठा लावून बघितला होता. सगळ्याच नाही, अधल्यामधल्या. पिवळ्या पट्ट्याच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा, रेषा न रेषा उमटलेला. कड्याजवळच्या शेवटच्या खुणेवरही होता. तिथे ती पोचली, आणि परत यायला वळली. वळल्यावर तिला काय दिसलं असेल ते मला सांगायची गरज नाही. एकसुद्धा खूण नाही. नुसती झाडं आणि धुकं.

शोधलं. कुत्री आणली, दोर आणले, शेजारच्या गावांची माणसं ओळीने हाका मारत गेली. पाऊस लागला, वास धुऊन गेला. काही सापडलं नाही. शोध थांबला, वरून हुकूम आला की नवी वाट बंद करा. जाण्याच्या खुणा दादाने स्वतःच्या हाताने तपकिरी रंगाने पुसल्या, तिच्या अंगठ्यांसकट. मी तिकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं.

आणि मग त्याच बंद वाटेवर, कुणालाही न सांगता, त्याने येण्याच्या खुणा मारल्या. कड्यापासून थेट माझ्या दुकानापर्यंत.

मला कळलं तेव्हा मी त्याला फाडफाड बोलले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कुणासाठी?" त्याने नुसतं पोरीकडे बघितलं. पोर रोज विचारायची, आई कधी येणार. त्याने तिला सांगून टाकलं होतं, आईला परत यायची वाट मी रंगवून ठेवलीय. मग पोर वाढली तशी दर वर्षी, पावसाळा सरला की विचारायची, "बाबा, येण्याच्या खुणा केल्या ना?" आणि तो डबा उचलून जायचा. पिवळा रंग तीन-चार वर्षं सहज टिकतो. हा दर वर्षी नव्याने मारायचा.

पोरीला मीच वाढवलं. तिच्या वेण्या, तिचं गालगुंड, तिची गणितं, सगळं ह्या दोन हातांनी. मला पोर नव्हतं, तेव्हा उपकार केले असं कुणी म्हणू नये, गरज मलाही होती. पण सांगते, त्या प्रश्नाच्या दिवशी मला दुकानात बसवत नसे.

एकदा मी त्याच्याबरोबर आत गेले. त्याचा हात मुरगळला होता, डबा धरायला कुणीतरी हवं होतं. मी भुताखेतांना मानत नाही. चालायला येणारी पोरं माझ्या दुकानात बसून एकमेकांना घाबरवतात तेव्हा मी म्हणते, भूत दिसलं तर त्याला इकडे पाठवा, कपबशा विसळायला माणूस मिळत नाही. पण त्या वाटेवर माझी बोलती बंद झाली. आत जाताना एकही खूण दिसत नाही. उघडी खोडं, ओलं शेवाळ, वाट नाहीच. आणि सहज म्हणून मागे वळावं तर सगळं जंगल पिवळ्या पट्ट्यांनी तुमच्याकडे बघत असतं. आपण पाठ केली की उघडणारे डोळे. चालताना मागे पाचोळा वाजतोय असं वाटायचं, थांबलं की तोही थांबायचा. मी दादाला म्हटलं, "कुणीतरी आहे." तो म्हणाला, "हरीण असेल." पण वळून बघितलं त्याने. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं.

कड्यापाशी मला एका दगडावर बसवून तो म्हणाला, "इथून हलू नकोस," आणि खाली झाडीत उतरला. बराच वेळ आला नाही. मला वाटलं पोट बिघडलं असेल. आला तेव्हा गुडघ्यांना माती होती. मी चेष्टा केली. तो हसला नाही, पण तो तसाही कधी हसतो? मी काही मनावर घेतलं नाही. परतताना तो खुणा मारत पुढे, मी डबा घेऊन मागे, आणि माझ्या पाठीला सारखं कुणाचं तरी येणं जाणवत होतं. दुकानात येऊन मी दिवसाढवळ्या सगळे दिवे लावले.

आणि मग तो चष्मेवाला तरुण. पोर तेव्हा कॉलेजात होती. चालणाऱ्यांच्या एका घोळक्यातून तो चुकला, वर भलत्याच धारेवर गेला आणि धुक्यात सापडला. आम्ही माणसं गोळा करत होतो तेवढ्यात तो माझ्या दुकानाच्या मागून, बंद वाटेने, चालत बाहेर आला. ओठ निळे पडलेले. गरम चहा पोटात गेल्यावर म्हणाला, "वर पिवळ्या खुणा दिसल्या म्हणून वाचलो. आणि तुमच्या त्या बाई पुढे होत्या ना."

"कोण बाई?" मी विचारलं.

"माझ्या पुढे चालत होत्या. हाक मारली, थांबल्या नाहीत. एका वळणानंतर दिसल्या नाहीत. मला वाटलं आल्या असतील इकडे."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. दादा दारात उभा होता. तो आत आला, त्या पोरासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "अंगात स्वेटर होता का? कसल्या रंगाचा?"

"धुकं होतं हो काका. रंग नाही सांगता येणार."

 दादा उठून बाहेर गेला आणि काठ्या लावायला लागला, लहान-मोठ्या अशा क्रमाने. त्या काठ्या मी सकाळीच लावल्या होत्या. मला त्याची एवढी दया आली. मनात म्हटलं, वेडा अजून आशेवर आहे. बायको जिवंत असेल, कुठे तरी फिरत असेल, असं वाटतंय ह्याला. किती चुकीचं समजले होते मी, ते पुढे कळलं.

वर्षं गेली. पोर शहरात चष्म्यांच्या दुकानात नोकरीला लागली, काचा घासून बसवायचं काम. दादाच्या एका डोळ्यात पडदा आला, गुडघे कुरकुरायला लागले. पोर म्हणायची, बाबा माझ्याकडे चला. दादा म्हणायचा, बघू. तो गेला तर वर्षाच्या खुणा कोण करणार, हे कुणी बोलायचं नाही, पण ते मधे असायचंच. पोरही येऊन विचारायचीच, "बाबा, येण्याच्या खुणा केल्या ना?" एवढी शिकलेली, मोठी बाई झालेली पोर. मला वाटायचं, बापासारखीच आहे. दोघांच्या आशेखाली मी मात्र पार दबून गेले होते.

आणि ह्या वर्षी नव्या मॅडम आल्या. वनखात्याच्या साहेब. बाई वाईट नाही, चहाचा कप स्वतः विसळून ठेवते. त्यांचा एक माणूस डोंगराची मोजणी करत पलीकडून चढला आणि आमच्या बाजूने उतरला. त्याने जाऊन सांगितलं, बंद वाटेवर ताज्या पिवळ्या खुणा आहेत. झालं. मॅडम दुकानात येऊन बसल्या आणि दादाला म्हणाल्या, "काका, तो उतार सरकतोय. भेगा पडल्यात. कुणी तुमच्या खुणांच्या मागे गेला आणि दरड आली तर?"

"कुणी जाऊच शकत नाही," दादा म्हणाला. "जाण्याच्या खुणा नाहीत. नुसत्या येण्याच्या आहेत."

"येण्याच्या? कुणाच्या?"

दादा गप्प. मीही गप्प, ही केवढी मोठी गोष्ट ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत पुसून टाका. नाही तर मला दुसरी माणसं पाठवावी लागतील, आणि मग तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही." नोकरी गेली की सरकारी खोलीही जाणार. मी मॅडमना म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका, ह्या माणसाने आयुष्य घातलंय ह्या डोंगरात. त्या म्हणाल्या, "म्हणून तर स्वतः सांगायला आले."

दादाने जेवण टाकलं. मी पोरीला फोन केला. ती रजा टाकून आली. मला वाटलं होतं ती रडेल, मॅडमशी भांडेल, अर्ज-विनंत्या करेल. ती बापाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, मी येते. आपण मिळून पुसू."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

मी दुकानाला कुलूप लावलं. भर सणाच्या सुट्टीला, गिऱ्हाइकं दाराशी असताना. म्हटलं मीही येणार, आणि कुणी नको म्हणून बघाच.

आम्ही तिघं आत गेलो. दादा पुढे, पोर मधे, मी तपकिरी रंगाचा डबा घेऊन मागे. पुसणंही परत येतानाच करायचं असतं, आधी आत जायचं आणि मग पुसत पुसत बाहेर यायचं. धुकं विरळ होतं, झाडांच्या शेंड्यांपाशी अडकलेलं. कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता, थांबत होता, पुन्हा ठोकत होता. मी मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सारखी बघत होते. सगळ्या खुणा उजळ पिवळ्या, कालच मारल्यासारख्या. पाचोळा ह्या खेपेलाही वाजत होता. मी कुणाला सांगितलं नाही.

कड्यापाशी पोचल्यावर दादाने पहिल्या खुणेसमोर उभं राहून ब्रश बुडवला. ब्रश खोडाला लागेना. पोरीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागवू नका. मी शाळेत होते तेव्हाच मला कळलं होतं की आई येणार नाही. इतकी वर्षं जंगलात कुणी तग धरत नाही, एवढं मलाही कळतं. दर वर्षी मी विचारायचे ते तुमच्यासाठी. मला वाटायचं, मी विचारायचं थांबवलं तर तुमचं काही खरं नाही."

 दादाने ब्रश डब्यात ठेवला, नीट, काठावर टेकवून. आणि बोलला. इतकं सलग मी त्याला किती वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"मला ती दुसऱ्याच वर्षी सापडली, पोरी. खाली, घळीत, दोन खडकांच्या मधे. पडली असावी. स्वेटरवरून ओळखलं. तिथेच मातीत ठेवलं, वर दगड रचले. घरी आलो ते सांगायचं ठरवून. तू दारात बसली होतीस. तू विचारलंस, बाबा, खुणा केल्या ना. मी हो म्हटलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा विचारलंस. मग सांगायचं राहूनच गेलं."

जंगलात किती शांत होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. सुतारपक्षीही थांबला होता.

पोर म्हणाली, "कुठे?"

तो तिला घेऊन खाली उतरला. मीही मागून, बुडावर घसरत, नेच्यांना धरत. दगडांचा एक ढीग होता, शेवाळाने हिरवा झालेला, पण भोवतीची जागा स्वच्छ, पानं वेचलेली. गुडघ्यांची माती इथली होती तर. पोर बसली, दगडांवर हात ठेवला आणि मोठ्याने रडली, आणि दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मला वाटायचं तुला हवंय," तो म्हणत होता. "आणि मला वाटायचं तुम्हाला," ती म्हणत होती. रडता रडता दोघं हसलीसुद्धा. एकमेकांसाठी रंगवलेली वाट. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी डबा धरून उभी होते. आणि मला तो चष्मेवाला आठवला. स्वेटर कसल्या रंगाचा, असं दादाने विचारलं होतं तेव्हा तिला पुरून कितीतरी वर्षं झाली होती. त्याला ठाऊक होतं. जिवंत माणसाबद्दल विचारत नव्हता तो. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मागोमाग असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण ती दोघं इतकी मोकळी दिसत होती की मी तोंडातून शब्द काढला नाही.

मग पुसत पुसत निघालो. दादा आणि पोर आळीपाळीने ब्रश घेत होती. एकेक पिवळा पट्टा तपकिरी होत गेला, आणि मागची वाट खरोखर नाहीशी होत गेली. दादा काम झालेल्या झाडाला एकदा हात लावायचा. दर काही झाडांनी तो थांबायचा, पण ह्या खेपेला मागे वळला नाही. पोर त्याला तिच्या घरातल्या गॅलरीबद्दल सांगत होती, तिथे सकाळचं ऊन येतं, कुंड्या ठेवता येतील. तो विचारत होता, किती कुंड्या. इतकं साधं बोलणं. मी ज्याची वाट बघत होते ते हेच ना, माझा भाऊ त्या जंगलातून एकदाचा बाहेर यावा. मग माझे पाय का जड झाले होते?

माझ्या दुकानामागे, कुंपणाला लागून जे झाड आहे, त्याच्यावर शेवटची खूण. आतून येणाऱ्याला दिसेल अशी. दादाने ब्रश बुडवला, आणि मी मधे जाऊन उभी राहिले. खोडाला पाठ लावून. केसांना ओलं शेवाळ लागलं.

"टकळे, सरक."

"नाही सरकत."

"अगं, असं काय करतेस? ऐकलंस ना सगळं? ती नाहीये गं."

"ऐकलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुला ठाऊक होतं दुसऱ्या वर्षापासून. हिला ठाऊक होतं शाळेपासून. दोघांनी एकमेकांना जपलंत, फार चांगलं केलंत. मला कुणी विचारलं का? ती आलीच तर दमून येईल म्हणून मी रोज चहाला एक कप जास्तीचं पाणी ठेवत होते, रोज, इतकी वर्षं. तुम्हाला वेडं म्हणत होते आणि मीच वाट बघत बसले होते. माझी मैत्रीण होती ती तुझी बायको व्हायच्या आधी. तुला एवढी वर्षं मिळाली रे हे पचवायला. मला ती आत्ता मेली. आज दुपारी. मला आजची दुपार तरी दे."

दादा ब्रश हातात धरून उभा राहिला. रंग ठिबकत होता त्याच्या चपलेवर. पोर पुढे येऊन मला धरायला बघत होती, मी तिलाही हाकललं. मग दादाने वाकून डब्याचं झाकण लावलं, हाताच्या मुठीने दाबून घट्ट केलं, आणि डबा माझ्या पायाशी ठेवला. म्हणाला, "तू पूस. तुला वाटेल तेव्हा." आणि कुंपण ओलांडून गेला.

शनिवारी मॅडम आल्या. दोरीपाशी उभं राहून त्यांनी बाहेरून आत बघितलं. बाहेरून ती खूण दिसत नाही. आतून येणाऱ्यालाच दिसते. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, कप विसळला. रविवारी दादा पोरीबरोबर गेला. गॅलरीत सहा कुंड्या झाल्यात म्हणे, फोनवर आता चांगलं बोलतो, रस्त्यावर मागे वळून बघत नाही असं पोर सांगते.

मला सगळं कळतं. ती घळीत आहे, वर दगड आहेत, मी स्वतः बघितलेत. धुकं उतरलं की मी दुकानाचं मागचं दार लावून घेते, आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा उघडते. डबा तिथेच आहे. माझी ती दुपार अजून संपलेली नाही.